चल सांधे: सहा प्रकार पुरे पडतात का? (थ्रीडी सांगाड्यासाठी मदत हवी)

रेषाळू
नमस्कार मंडळी,
मी ॲनिमेशनमध्ये काम करते. सध्या माणसाचा थ्रीडी सांगाडा बांधतेय, आमच्या भाषेत रिग. त्यात प्रत्येक सांध्याला दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात: तो कोणत्या अक्षाभोवती फिरेल आणि किती अंशांवर अडेल. हे आधी नीट ठरवलं नाही तर पुढे पात्र हलवणारा माणूस रोज शिव्या घालतो.

शाळेत शिकलेले सहा प्रकार समोर ठेवून कामाला लागले. खांदा आणि खुबा उखळीचे. कोपर, गुडघा, घोटा, बोटांची पेरं बिजागरीची. मानेत खुंटीचा. मनगट आणि बोटांची मुळं लंबगोल. अंगठ्याचं मूळ खोगिरी. तळहात-तळपायातली बारकी हाडं सरकत्या सांध्यांची. कागदावर झकास. हलवायला गेले आणि तीन ठिकाणी गाडी अडली.

कोपराला एकच अक्ष दिला तर तळहात उताणा-पालथा होत नाही. ती फिरकी मनगटाला दिली तर तिथली कातडी पिळलेल्या फडक्यासारखी दिसते. हात डोक्यावर नेला की खांदा छातीत घुसतो. आणि गुडघा इतका यांत्रिक वाटतो की पात्र खुर्चीवरून उठलं की बघणारा हसतो.

प्रश्न असा: हे सहा प्रकार हालचालीचे आहेत की नुसते आकाराचे? आणि एका सांध्याचा एकच प्रकार, असं धरून चालावं का?

(जाणकारांनी लिहावंच, पण ज्यांना सांधे आहेत अशा कोणीही लिहायला हरकत नाही.)

खोडरबर
सातवा प्रकार राहिला: कुरकुरणारा. चाळिशी उलटली की वरचे सहाही हळूहळू त्यात जमा होतात.

वाचनमात्र
रोचक विषय. वाचतोय.

गणूमास्तर
रेषाळूताई, पुस्तकाची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. सहा प्रकार हवेतून आलेले नाहीत. हाडांची टोकं कशी घडलीयत त्यावरून नावं पडली, आणि टोकांच्या घडणीवरच अक्ष ठरतात. बिजागरी आणि खुंटी यांना एकेकच अक्ष. फरक एवढाच की बिजागरीत तो हाडाला आडवा असतो, खुंटीत हाडाच्या लांबीतून जातो. लंबगोल आणि खोगिरी यांना दोन. उखळीला तीन. सरकत्याला धड एकही नाही, सपाट पृष्ठभाग एकमेकांवर जरा घसरतात इतकंच. तुमच्या सॉफ्टवेअरला हेच तर हवंय.

आणि हे सहाही एकाच घराण्यातले. दोन हाडांमध्ये फट, टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवी, पिशवीच्या अस्तरातून पाझरणारं वंगण. कवटीच्या शिवणी या घराण्यात नाहीत, त्या अचल. मणक्यांमधल्या चकत्याही नाहीत, त्या जेमतेम हलू देतात.

शंकासुर
घराणं आणि वागणूक यांची सांगड इतकी सरळ नाही, मास्तर. पाठीच्या कण्याच्या तळाचं त्रिकास्थी आणि दोन्हीकडची कमरेची हाडं यांच्यातला सांधा बघा. फट आहे, कूर्चा आहे, वंगण आहे. हलतो किती? मोजके काही अंश. जन्म चल घराण्यात, वागणं अचल.

गणूमास्तर
प्रत्येक घराण्यात असतो एखादा तसा. :)

चालतीबोलती
मी फिजिओथेरपिस्ट आहे. रेषाळूताईंच्या पहिल्या अडचणीपासून सुरुवात करते, कारण तिचं उत्तर कातडीवरून हाताला लागतं.

कोपर हा एक सांधा नाही. एकाच पिशवीत तीन सांधे आहेत. दंडाचं हाड आणि करंगळीच्या बाजूचं हाड (अल्ना) यांच्यात बिजागरी. दंडाचं हाड आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड (रेडियस) यांच्यात दुसरा. आणि रेडियस-अल्ना या दोघांमध्ये तिसरा, तो खुंटीचा. तळहात उताणा-पालथा करतो तो हा तिसरा.

आता करून बघा. डावं कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवा. उजव्या हाताच्या बोटाने डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूचा टणक उंचवटा शोधा. तिथून मनगटाच्या दिशेने साधारण बोटभर सरका, एक लहान खळगा लागेल आणि लगेच दुसरं गोलसर टोक. त्यावर बोट ठेवून डावा तळहात उताणा-पालथा करा. बोटाखाली ते टोक जागच्या जागी फिरताना कळेल. ते रेडियसचं डोकं. त्याच्याभोवती अस्थिबंधाचं (हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्याचं) एक कडं असतं आणि त्या कड्यात ते फिरतं. कोपराशी रेडियस जागेवर फिरतं, पण मनगटाशी त्याचं दुसरं टोक अल्नाला वळसा घालून पलीकडे जातं. तळहात पालथा केला की हाताच्या पुढच्या भागात दोन्ही हाडं एकमेकांना ओलांडून गेलेली असतात.

म्हणून मनगटाला फिरकी देऊच नका. मनगटाला दोनच अक्ष: पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे. फिरकी कोपर ते मनगट या पूर्ण लांबीवर वाटून द्या, कोपराशी शून्य आणि मनगटाशी पूर्ण. एकूण पल्ला साधारण १६० अंश.

रेषाळू
हे करून बघितलं आणि खुर्चीतच ओरडले. बोटाखाली फिरतंय! पण एक शंका: हात सरळ लांब केला की माझा तळहात १६० पेक्षा बराच जास्त फिरतो.

चालतीबोलती
तो खांदा मदतीला येतो. म्हणूनच मोजताना कोपर वाकवून बरगड्यांना लावायला सांगतात. वाकलेलं असताना खांदा फिरला तर पूर्ण हातच बाजूला जाईल आणि चोरी पकडली जाईल.

खोडरबर
ऑफिसात कोपर चाचपत बसलोय. शेजारचा विचारतोय, "लागलं का?" त्यालाही करायला लावलं. आता आमची अख्खी ओळ तळहात पालथे करतेय. चालतीबोलती यांना कोपरापासून दंडवत.

दोन_पिल्लांची_आई
जरा अवांतर, पण त्या कड्यावरून आठवलं. माझ्या धाकट्याला खेळता खेळता हाताला धरून उचललं आणि नंतर तो हात हलवेचना. डॉक्टरांनी काही क्षणांत बसवला. तेच का हे?

चालतीबोलती
बहुतेक तेच. लहान मुलांमध्ये, मुख्यतः पाच वर्षांच्या आत, ते कडं अजून सैलसर असतं आणि रेडियसचं डोकंही भरलेलं नसतं. मनगटाला धरून झटका बसला की डोकं कड्यातून निसटतं. मुलांना उचलायचं ते काखेत हात घालून. आणि निसटलं असं वाटलं तर घरी खटपट करू नका. हाड मोडलंय की निसटलंय हे तपासूनच बसवतात.

अस्थिमित्र
धागा चांगला रंगलाय. मी हाडांचा डॉक्टर, गुडघ्याबद्दल लिहितो.

गुडघ्याला बिजागरी समजण्याची किंमत आमच्या शाखेने मोजलीय. १९५० च्या दशकात कृत्रिम गुडघे आले ते खरोखरच्या बिजागऱ्या होत्या: वरचा तुकडा, खालचा तुकडा, मध्ये आडवा दांडा. वाकायचे छान. पण माणूस चालताना पाय वळवतो, दिशा बदलतो, ती फिरकी दांड्याला मान्य नव्हती. मग सगळा पीळ हाड आणि धातू जिथे जुळतात तिथे जायचा आणि सांधा ढिला व्हायचा. तिकडे खुब्यात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी बसवली आणि ती टिकली, कारण खुबा खरंच उखळीचा आहे. पुढे गुडघ्यातही मधला दांडा काढून वरखालचे पृष्ठभाग वेगळे ठेवले, ते अस्थिबंधांच्या भरवशावर एकमेकांवर घसरू दिले, तेव्हा कुठे गुडघे टिकायला लागले. अगदी खिळखिळ्या गुडघ्यासाठी बिजागरी आजही वापरतात, पण आता तिलाही फिरायला थोडी मोकळीक ठेवलेली असते.

घरी करण्यासारखा प्रयोग: खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, टाच जमिनीवर. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो त्यावर बोट ठेवा. आता टाच न हलवता पावलाचा पुढचा भाग आत-बाहेर वळवा. उंचवटा बोटाखालून डावी-उजवीकडे सरकेल. तो सरकला म्हणजे नडगीचं हाड गुडघ्यात फिरलं. मग पाय पूर्ण ताठ करून हेच करा. उंचवटा आता एकटा सरकणार नाही, वळेल तर खुब्यापासून अख्खा पाय वळेल.

ताठ होतानाच्या शेवटच्या काही अंशांत आणखी एक गंमत घडते. पाय जमिनीवर टेकलेला असेल तर मांडीचं हाड किंचित आत फिरतं आणि गुडघा कुलूपबंद होतो. त्यामुळे उभं राहायला स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. वाकताना गुडघ्यामागचा पॉप्लिटियस नावाचा छोटा स्नायू ते कुलूप उघडतो.

शंकासुर
म्हणजे गुडघा बिजागरी नाहीच. मास्तर, ऐकताय ना?

गणूमास्तर
ऐकतोय, आणि तरी वर्गात बिजागरीच सांगणार. बारा वर्षांच्या मुलाला गुडघा आणि खुबा यांतला फरक कळायला हवा. एक मुख्यतः एकाच प्रतलात वाकतो, दुसरा सगळीकडे फिरतो. पॉप्लिटियस पहिल्याच दिवशी आणला तर पोराच्या हाती ना बिजागरी लागेल ना कुलूप.

अस्थिमित्र
मास्तरांशी अर्धा सहमत. आम्हीही 'बदललेली बिजागरी' असंच म्हणतो, नाव टाकून दिलेलं नाही. पण वर्गात निदान 'मुख्यतः' हा शब्द तरी उच्चारा. तो शब्द गाळला म्हणूनच रेषाळूताईंचा गुडघा हसू आणतोय.

खोडरबर
आमच्या वर्गात मास्तर म्हणायचे की माझा मेंदू गुडघ्यात आहे. आता कळलं, किती गुंतागुंतीच्या जागी होता ते.

पोथीवाला
आकार की हालचाल हा वाद जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एकूण २१० संधी मोजलेत. आधी दोन गट, चेष्टावंत आणि स्थिर. म्हणजे हलणारे आणि न हलणारे. त्यानंतर आकारावरून आठ प्रकार: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल, शंखावर्त. बोटं, मनगट, कोपर, गुडघा, घोटा हे सगळे कोर. काख (म्हणजे खांदा), वंक्षण (जांघ) आणि दात हे उलूखल, म्हणजे उखळ.

वाचनमात्र
दात?? खांद्याच्या पंगतीत?

पोथीवाला
हो. दाताचं मूळ हिरडीखालच्या खाचेत बसतं, दंडाचं डोकं खांद्याच्या खाचेत. घडण बघाल तर दोघे सारखेच. एक हलतो आणि एक नाही, हा हिशेब वेगळ्या रकान्यात.

चालतीबोलती
यात रेषाळूताईंच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. आज आपण दात आणि जबडा यांच्या जोडाला सांधा म्हणतो, पण चल सांध्यांत धरत नाही. निव्वळ आकारावरून गट केले तर असे शेजारी शेजारी येतात. निव्वळ अक्षांवरून केले तरी भांडणं आहेतच. कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळते तो सांधा आकाराने खोगिरी, पण तीन अक्षांवर हलतो. एक पुस्तक त्याला खोगिरी म्हणतं, दुसरं उखळीच्या गटात ढकलतं.

कळसूत्री
मी लाकडी बाहुल्या बनवतो, दोऱ्यांवर नाचणाऱ्या. माझ्या अनुभवाने सांगतो, सांध्याला हालचाल देणं सोपं. दोन आकडे एकमेकांत अडकवले की तो सगळीकडे हलतो. नको ती हालचाल अडवायची कशी, यात दिवस जातात. गुडघा पुढे मुडपायला नको, कोपर मागे जायला नको. त्यासाठी मी लाकडाला खाच आणि चामड्याची पट्टी वापरतो. शरीरात हे काम कोण करतं? हाडांचा आकारच, की आणखी काही?

चालतीबोलती
सुंदर प्रश्न. कोपर मागे जात नाही याला मुख्यतः हाडच कारण आहे, अल्नाचं मागचं टोक दंडाच्या हाडातल्या खळग्यात जाऊन अडतं. बाकी बऱ्याच ठिकाणी अस्थिबंध अडवतात, म्हणजे तुमची चामड्याची पट्टी.

बोटांच्या मुळांशी हे डोळ्यांनी दिसतं. हात पुढे धरून बोटं ताठ करा आणि पसरा. छान फाकतात. आता बोटं मुळाशी काटकोनात खाली वाकवा आणि तशीच फाकवायचा प्रयत्न करा. जमेल जेमतेम. सांधा तोच, लंबगोलच, अक्षही दोनच. पण तळहाताच्या हाडाचं डोकं असं घडलंय की बोट वाकलं की दोन्ही बाजूंचे अस्थिबंध ताणून घट्ट होतात. बोट ताठ असताना ते ढिले असतात. मूठ आवळल्यावर बोटं इकडेतिकडे होत नाहीत आणि पकड पक्की बसते ती त्यामुळे.

रेषाळू
अरे हो! म्हणजे फाकण्याची मर्यादा आकड्यात ठरवून ठेवायची नाही, वाकण्याच्या कोनाला बांधायची. जितकं वाकलं तितकं फाकणं कमी. हे सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचं काम आहे आणि मला सुचलंच नसतं. कळसूत्री, तुम्हाला एक नवी बाहुली माझ्याकडून.

आता कोणीतरी माझ्या खांद्याला खांदा द्या.

अस्थिमित्र
घ्या. खांद्याचा गोळा मोठा आणि खाच उथळ. गोळ्याचा पृष्ठभाग खाचेच्या तिप्पट-चौपट भरेल. भोवती कूर्चेसारखी एक कडा खाच थोडी खोल करते आणि चार स्नायूंचा गट गोळ्याला खाचेत दाबून धरतो. शरीरात सर्वांत जास्त फिरणारा सांधा हाच, आणि मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळणाराही हाच. निखळला की बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. खुबा पण उखळीचाच, पण त्याची वाटी खोल आणि पुढचा अस्थिबंध शरीरातला सर्वांत मजबूत. निरोगी खुबा निखळायला वाहनाच्या अपघातासारखा दणका लागतो. प्रकार एकच, स्वभाव दोन.

आणि उखळ कुठे, गोळा कुठे हेही अटळ नाही. त्या चार स्नायूंची वाट लागलेली असेल तर आम्ही उलटा खांदा बसवतो: गोळा पाठीवरच्या पात्यावर (खांद्याची खाच असते त्या हाडावर) आणि वाटी दंडावर. पॉल ग्रामों या फ्रेंच सर्जनने १९८० च्या दशकात ही उलटापालट चालवून दाखवली. फिरण्याचं केंद्र आतल्या बाजूला आणि खाली सरकतं, मग खांद्यावरचा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो.

चालतीबोलती
ताईंचा खांदा छातीत घुसतो त्याचं कारण मात्र उखळीत नाही. हात बाजूने पूर्ण वर नेताना १८० अंश होतात. त्यातले साधारण १२० त्या उखळीतून येतात. उरलेले ६० पाठीवरचं पातं फिरल्यामुळे येतात. पातं बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने घसरतं, तिथे हाडाला हाड जोडलेलं नाही. फट नाही, कूर्चा नाही, वंगणाची पिशवी नाही. सहा प्रकारांपैकी कशातच ते बसत नाही, आणि ते काढून टाकलं तर माणूस हात पूर्ण वर नेऊ शकत नाही.

दोन बोटं गळ्याखालच्या खळगीच्या बाजूला, कॉलरबोनच्या आतल्या टोकावर ठेवा आणि त्या बाजूचा हात वर न्या. टोक हलेल. हात आणि धड यांना हाडाने जोडणारी तेवढी एकच जागा आहे. तेव्हा तुमच्या सांगाड्यात साखळी अशी हवी: छाती, मग कॉलरबोन, मग पातं, मग दंड.

निवांत
माझा अंगठा मागे दुमडून हाताला टेकतो, गुडघे मागे जातात. लोक म्हणतात तुला दुप्पट सांधे आहेत. खरं असतं का असं?

अस्थिमित्र
सांधे तेवढेच, अस्थिबंध सैल. मोजायची एक पद्धत आहे, बायटन स्कोअर, ९ गुणांची. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे, अंगठा हाताला टेकणं, कोपर आणि गुडघे १० अंशांहून जास्त मागे जाणं, हे डावीकडे-उजवीकडे मिळून आठ. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकले की नववा. गुण जास्त आणि दुखत काही नसेल तर मजेत राहा. वारंवार सांधा निखळत असेल तर दाखवून घ्या.

खोडरबर
मला ९ पैकी ०. शाळेची परंपरा राखली.

शंकासुर
अवांतर चाललंच आहे तर बोटं मोडल्याने संधिवात होतो का, याचाही एकदा निकाल लावा.

खोडरबर
कोणाच्या नावाने मोडता त्यावर आहे.

गणूमास्तर
डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना आई, मावश्या-आत्या आणि पुढे सासूबाई, सगळ्यांनी हीच भीती घातली होती. त्यांनी सुमारे ६० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा तुलनेसाठी ठेवला. दोन्ही हातांना संधिवात नाही. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार. एकाच माणसाचे दोन हात म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे, पण चिकाटीला सलाम.

आवाज येतो तो वंगणात विरघळलेल्या वायूमुळे. सांधा ताणला की आतला दाब उतरतो आणि पोकळी तयार होते. १९७१ च्या संशोधनात बुडबुडा फुटण्याचा आवाज असं म्हटलं, २०१५ च्या एमआरआयमध्ये आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली, आणि २०१८ मध्ये गणित मांडणाऱ्यांनी पुन्हा अर्धवट फुटण्याकडे बोट दाखवलं. तेच बोट परत वाजायला साधारण २० मिनिटं जावी लागतात हे मात्र सगळ्यांना मान्य.

वाचनमात्र
सर्वांत लहान चल सांधा कुठला?

चालतीबोलती
कानाच्या पडद्यामागे. हातोडा-ऐरण यांच्यातला खोगिरी आणि ऐरण-रिकीब यांच्यातला उखळीचा. तुम्ही हे मोठ्याने वाचत असाल तर आत्ता हलतायत.

रेषाळू
मंडळी, थोडं काम करून आले. काय काय बदललं ते सांगते.

खांद्याला चार हाडांची साखळी दिली आणि हात वर नेताना पातं आपोआप एक तृतीयांश फिरेल असं बांधलं. हात डोक्यावर गेला, छाती जागेवर राहिली! फिरकी कोपर ते मनगट वाटून दिली. गुडघ्याला दुसरा अक्ष दिला, पण पाय ताठ असताना बंद, वाकेल तसा उघडणारा. आणि मानेची खुंटी मी गळ्याच्या मध्यावर ठेवली होती, ती अजून खटकतेय.

चालतीबोलती
ती बरीच वर न्या, कानाच्या पाळीच्या आसपास, आणि तिथे दोन सांधे करा. 'हो' म्हणतानाची मान कवटी आणि पहिला मणका यांच्यात हलते. 'नाही' म्हणतानाची पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात, दुसऱ्या मणक्याची खुंटी पहिल्याच्या कड्यात असते. मान वळण्यापैकी जवळपास निम्मं वळण या एकाच जागी होतं, उरलेलं खालच्या मणक्यांत थोडं थोडं वाटलेलं.

अस्थिमित्र
गुडघ्याचा अक्ष नेमका कुठे ठेवलाय? मांडीच्या हाडाच्या टोकात मध्यभागी असेल तर जरा मागे घ्या. टोकाचे मागचे दोन गोलवे वाकण्याचं केंद्र ठरवतात. आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून घसरते, तिला नडगीशी बांधा, मांडीशी नको.

कळसूत्री
अंगठा राहिला.

चालतीबोलती
अंगठ्याच्या मुळाशी खोगिरी: दोन्ही पृष्ठभाग एका दिशेने खोलगट आणि दुसऱ्या दिशेने फुगीर, एकमेकांत बसलेले. दोन अक्ष पुरतील, पण अंगठा करंगळीच्या टोकाकडे नेताना नखाची दिशा बघा. नख वळतं. ती फिरकी स्वतंत्र नाही, आतल्या हालचालीसोबत आपोआप येते. रिगमध्ये तिला वेगळी कळ देऊ नका, बांधून टाका.

रेषाळू
केलं. मूठ पहिल्यांदाच मुठीसारखी दिसली. आता घोटा आणि जबडा, मग तुम्हाला मोकळं करते.

अस्थिमित्र
घोटा वर-खाली एवढंच करतो, तो खरा बिजागरी. पाऊल आत-बाहेर कलतं ते त्याच्या लगेच खालच्या सांध्यात. मधलं हाड, टॅलस, विचित्र आहे, त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. वरची बिजागरी आणि खालचा कल यांच्यामध्ये ते बसलेलं असतं. दोन हाडं, दोन सांधे करा.

चालतीबोलती
जबडा: कानापुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडा. आधी नुसती बिजागरी फिरेल. मग गोल टोक बोटाखालून पुढे सरकेल आणि मागे खळगा पडेल. आधी फिरणं, मग सरकणं, आणि डाव्या-उजव्या दोघांनी मिळून. सरकणं दिलं नाही तर मोठी जांभई खोटी दिसते.

खोडरबर
जांभईची चाचणी घेतली. आमची अख्खी ओळ पास.

रेषाळू
सरकणं दिलं, जांभई खरी झाली. पण चालवून बघितलं तर पावलाचा पुढचा भाग जमिनीत घुसतोय.

अस्थिमित्र
पायाच्या अंगठ्याच्या मुळाला सांधा दिलाय का? टाच उचलून पुढे ढकलताना तो साधारण ६० अंश वर वाकायला हवा.

रेषाळू
दिला नव्हता. आता दिला, पाऊल वर आलं. बाकीच्या चार बोटांना वेगळे सांधे हवेत की एकत्र चालेल?

चालतीबोलती
लांबून दिसणारं पात्र असेल तर एकत्र. अनवाणी आणि जवळून असेल तर वेगळे.